गाद्या तीन, लॉगिन एक

नवं सत्र सुरू झालं की होस्टेलच्या नोटिस बोर्डावर एक कागद हमखास लागतो. मेसच्या दरपत्रकाच्या वर, हरवलेल्या कॅल्क्युलेटरच्या चिठ्ठीच्या खाली. ‘असे निदर्शनास आले आहे की काही विद्यार्थी आपले इंटरनेट कनेक्शन इतरांना वापरण्यास देत आहेत. तपासणीत दोषी आढळल्यास कनेक्शन कायमचे बंद करण्यात येईल.’ खाली रेक्टरांची सही आणि गोल शिक्का. तुम्ही तो कागद वाचता, खोलीत येता आणि रूमीला विचारता, “हॉटस्पॉटचं नाव बदलून टाकू का रे?”

नाव बदलून काही होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ही शोधाशोध मी एके काळी स्वतः केली आहे, आणि तीसुद्धा पकडणाऱ्यांच्या बाजूने. थर्ड इयरला असताना आमच्या विभागातल्या सरांनी मला आणि माझ्या एका मित्राला होस्टेलच्या नेटवर्कवर ‘जरा लक्ष ठेवायला’ सांगितलं होतं. पगार शून्य. मोबदला म्हणजे सर्व्हर रूमची चावी आणि तिथला एसी. पुण्यातल्या मे महिन्यात तो पगारापेक्षा मोठा होता.

एका रात्रीची गोष्ट सांगतो. मला जे म्हणायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

साडेनऊच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरून बोंब सुरू झाली. नेट गेलं. गंमत अशी की सगळ्यांचं गेलं नव्हतं. ज्यांचा लॅपटॉप दुपारपासून चालू होता त्यांचं मजेत सुरू होतं. ज्यांनी ‘स्लो वाटतंय’ म्हणून बंद करून परत चालू केला, ते बसले बोंबलत. आणि त्यांची बोंब ऐकून बाकीच्यांनीही आपापले लॅपटॉप बंद-चालू केले, म्हणजे त्यांचंही गेलं. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. कॉरिडॉरमध्ये बनियन आणि बर्म्युडातली चाळीस पोरं आमच्याकडे बघत उभी.

एकाच्या लॅपटॉपवर पाहिलं. आमच्या नेटवर्कचे पत्ते दहापासून सुरू व्हायचे. याला मिळाला होता १९२.१६८.० ने सुरू होणारा. तो बघितला आणि मित्र म्हणाला, “कुणीतरी राऊटर उलटा लावलाय.”

उलटा म्हणजे काय? तुम्ही लॅपटॉपला केबल लावता तेव्हा त्याला स्वतःचा पत्ता माहीत नसतो. तो सगळ्या नेटवर्कला हाक मारतो, मला पत्ता कोण देतंय? कॉलेजचा सर्व्हर उत्तर देतो आणि पत्ता मिळतो. पण लॅपटॉप भोळा असतो. उत्तर कॉलेजने दिलं की शेजारच्या खोलीतल्या डब्याने, हे तो तपासत नाही. साधारणपणे जो आधी बोलेल त्याचं ऐकतो. घरगुती राऊटरला मागे एक वेगळं भोक असतं, बाहेरून येणाऱ्या नेटसाठी. बाकीची चार भोकं घरातल्या संगणकांसाठी. भिंतीतून आलेली केबल चुकून त्या चारांपैकी एकात गेली, की तो बिचारा राऊटर समजतो की अख्खं होस्टेल हे आपलं घर आहे. आणि मोठ्या मायेने सगळ्यांना पत्ते वाटत सुटतो. पत्ते मिळतात, नेट मिळत नाही, कारण त्याच्याकडेच ते नसतं.

शोधायचं कसं, तेही सोपं. त्या खोट्या राऊटरला पिंग मारायचं आणि त्याचा मॅक ॲड्रेस घ्यायचा. हा बारा अक्षरांचा नंबर कारखान्यातूनच लागून येतो. पहिली सहा अक्षरं सांगतात कंपनी कुठली. मग मजल्यावरच्या स्विचमध्ये जाऊन विचारायचं, हा नंबर तुझ्या कुठल्या पोर्टवर दिसतोय? स्विच सांगतो, सतरा. सतरा नंबरच्या केबलवर लेबल असतं, ‘खोली २११’. संपलं.

संपलं नाही. २११ मध्ये राऊटर नव्हताच. तिथे दोघं जण कॅरम खेळत होते. पाच वर्षांपूर्वी वायरिंग करणाऱ्याने लेबलं त्याच्या सोयीने चिकटवली होती. मग आम्ही जुनी पद्धत काढली. मित्र रॅकपाशी थांबला, मी कॉरिडॉरमध्ये. त्याने सतरा नंबरची केबल उपसली आणि मी प्रत्येक दारात जाऊन भिंतीच्या पोर्टचा दिवा बघत सुटलो. २१८ चा दिवा विझला होता.

दार वाजवलं. आत कॉट दोन, गाद्या तीन.

ज्यांना होस्टेल माहीत आहे त्यांना तिसऱ्या गादीबद्दल सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. होस्टेलच्या मेरिट लिस्टमध्ये नाव आलं नाही, बाहेर कॉट बेसिसवर राहायला पैसे नाहीत, मग गावाकडच्या ओळखीने कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर गादी टाकून राहायचं. पुण्यात अशा मुलाला ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द वाईट आहे, पण तो मुलंच एकमेकांना हसत हसत लावतात, त्यामुळे त्याची धार गेली आहे. मेसचा एक डबा दोघांत, एक बादली तिघांत, आणि एक लॉगिन तिघांत.

हा तिसरा परभणीकडचा होता. त्याने जुन्या बाजारातून चारशे रुपयांना राऊटर आणला होता. त्या संध्याकाळी तो चालेना म्हणून त्याने पिन टोचून रीसेट केला आणि घाईत केबल दिसेल त्या भोकात घातली. घाई का, तर शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख तीच होती. मुदत रात्री बारापर्यंत. दोन तास तो त्या अर्जाच्या पानाकडे बघत बसला होता आणि त्याला वाटत होतं की होस्टेलचं नेट गेलंय, आपलं नशीबच असं. होस्टेलचं नेट घालवणारा आपणच, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी केबल काढून योग्य भोकात लावली. मित्राने कॉरिडॉरभर ओरडून सगळ्यांना आपापली केबल काढून परत लावायला सांगितलं. अकरा वाजून गेले होते. तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज, रेक्टर सर. “काय रे, कोण होता?” मी म्हणालो, “सर, एक राऊटर चुकीचा लागला होता, नीट केलाय.” सरांनी दारातून आत पाहिलं. गाद्या मोजायला दोन सेकंद लागतात. “उद्या रूम चेक करतो,” म्हणाले आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. विसरले की मुद्दाम, ते मी कधी विचारलं नाही. आमच्या वहीत मी ‘२१८, राऊटर, चुकीचा पोर्ट’ एवढंच लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, बरोबर केलंत. थांबा. त्याच वर्षी दुसरं एक प्रकरण झालं. तिथेही कनेक्शन शेअर होत होतं आणि तिथेही आम्हीच शोधायला गेलो होतो.

तिसऱ्या मजल्यावर एक सिनियर महिना शंभर रुपये घेऊन सात-आठ जणांना नेट पुरवत होता. त्याचा राऊटर उलटा वगैरे नव्हता, व्यवस्थित लावलेला होता. अशा राऊटरच्या मागे कितीही लॅपटॉप असले तरी पुढून एकच दिसतो. तरी तो सापडला, एका साध्या आकड्यामुळे.

इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो, टीटीएल. वाटेत प्रत्येक राऊटर त्यातून एक वजा करतो. शून्य झाला की पॅकेट फेकून देतात, म्हणजे वाट चुकलेलं पॅकेट जगभर कायमचं फिरत राहात नाही. विंडोजचा लॅपटॉप सुरुवात १२८ ने करतो. लिनक्स, अँड्रॉइड आणि ॲपलवाले ६४ ने. खोलीतला लॅपटॉप सरळ भिंतीतल्या पोर्टला जोडलेला असेल, तर कॉलेजच्या गेटवेला हाच आकडा पोहोचायला हवा. तिथे १२७ किंवा ६३ दिसला, तर मध्ये कुणीतरी एक वजा केला. बस्स. एकाच पोर्टवरून १२७ पण येतात आणि ६३ पण, म्हणजे आत किमान दोन जातीची यंत्रं आहेत. याहून बारीक मोजण्याच्या पद्धती आहेत. स्टीव्हन बेलोव्हिन या संशोधकाने २००२ मध्येच दाखवून दिलं होतं की पॅकेटवरच्या ओळख क्रमांकांच्या मालिका वेगळ्या काढल्या, तर एका पत्त्यामागे किती संगणक आहेत याचा अंदाज बांधता येतो. हॉटस्पॉटचं नाव ‘पोलीस व्हॅन’ ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तर सिनियर सापडला. पण लॉगमध्ये त्याचं नाव नव्हतं. लॉगिन फर्स्ट इयरच्या एका मुलाचं होतं. पहिल्याच आठवड्यात ‘जरा पासवर्ड दे रे’ म्हटल्यावर त्याने देऊन टाकला होता. सिनियरला नाही कसं म्हणणार? आणि आम्ही हे शोधायला गेलो होतो ते कुणी नेट चोरलं म्हणून नव्हे. वर्गातल्या एका मुलीच्या नावाने खोटं प्रोफाइल उघडून त्यावर घाण लिहिलं गेलं होतं. ती तक्रार घेऊन आली, चौकशीत पत्ता कॉलेजचा निघाला, कॉलेजच्या लॉगमध्ये त्या फर्स्ट इयरच्या पोराचं नाव निघालं.

चार वेळा त्याला ऑफिसात बोलावलं. वडिलांना गावाहून यावं लागलं. ते बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसलेले मला अजून दिसतात. त्यांना ‘लॉगिन’ म्हणजे काय, हे कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. मुलाने काहीतरी भयंकर केलंय एवढंच त्यांना समजलं होतं. शेवटी पोरगा सुटला तो प्रॅक्टिकलच्या हजेरीमुळे. ज्या वेळेला ते लिहिलं गेलं त्या वेळेला तो वर्कशॉपमध्ये फाइल मारत उभा होता, आणि रजिस्टरमध्ये त्याची सही होती. ती सही नसती तर? आणि खरा माणूस कोण, ते त्या सात-आठ जणांमधून कधीच ठरलं नाही. त्या मुलीला उत्तर मिळालं नाही. मला या सगळ्या गोष्टीत सर्वात जास्त तेच टोचतं.

म्हणून, ‘शेअरिंग इज केअरिंग’ म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांशी मी सहमत नाही. आणि नोटिस बोर्डावरच्या त्या कागदाशीही नाही. त्या कागदाला वाटतं की चोरी होते ती नेटची. नेटची चोरी हा फार छोटा मामला आहे. खरं तर तुमचं कॉलेजही दिवसरात्र कनेक्शन शेअरच करत असतं. इंटरनेटचे जुने पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसायला लागलं तेव्हा १९९४ मध्ये एका पत्त्यामागे अनेक संगणक लपवायची युक्ती कागदावर मांडली गेली. तिलाच नॅट म्हणतात. २१८ मधला चारशे रुपयांचा राऊटर जे करत होता, तेच कॉलेजचा काही लाखांचा फायरवॉल करतो. हजारभर मुलं आत, बाहेर मोजके पत्ते. कॉलेज त्या हजारभर मुलांचा हिशेब ठेवतं, २१८ ठेवत नव्हती, एवढाच काय तो फरक.

आणि तो हिशेब म्हणजेच लॉग. बाहेरच्या जगाला फक्त कॉलेजचा पत्ता दिसतो. त्या पत्त्यामागे त्या मिनिटाला तुम्ही होता की मी, हे सांगणारा तो एकच कागद. भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवणाऱ्यांनी आणि संस्थांनी असे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कलम वापरणाऱ्यासाठी आहे, देणाऱ्यासाठी नाही, हे खरं. पण पोलीस आधी कुणाच्या दारात येतात? ज्याचं नाव लॉगमध्ये आहे त्याच्या.

त्यामुळे २१८ मधल्या त्या दोघांनी तिसऱ्याला नेट दिलं, याचं मला काही वाटत नाही. त्यांनी त्याला स्वतःचं नाव दिलं, ते मात्र धोक्याचं होतं. त्यांचं नशीब की तो अर्ज भरणारा निघाला.

आता प्रशासनाच्या बाजूने बोलतो, कारण त्या बाजूला एसीत बसून मी ते पाहिलं आहे. मर्यादा घालण्यामागे नुसती खडूसगिरी नसते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल्स तीनच, १, ६ आणि ११. एका विंगमध्ये वीस खोल्यांनी वीस हॉटस्पॉट लावले की सगळे एकाच वेळी बोलतात, आणि मेसमध्ये जेवणाच्या वेळी जसं शेजारच्याचंही ऐकू येत नाही तसं होतं. मग कॉलेजचाही ॲक्सेस पॉइंट मंद आणि तुमचाही हॉटस्पॉट मंद. ‘वायफाय भिकार आहे म्हणून आम्ही हॉटस्पॉट लावतो’ म्हणणाऱ्या पोरांनी हेही बघावं की काही अंशी ते भिकार तुमच्यामुळेच आहे.

पण प्रशासनाचे उपायही पंधरा वर्षांपूर्वीचेच आहेत. ‘एका विद्यार्थ्याला दोन डिव्हाइस, मॅक ॲड्रेस ऑफिसात लिहून द्यावा.’ अहो, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःहून वेगळा, बनावट मॅक ॲड्रेस दाखवतो. खासगीपणासाठी ती सोय मुद्दाम दिली आहे. मुलगा रजिस्टरमध्ये एक नंबर लिहून देतो, फोन दुसराच सांगतो, आणि मग ‘अनधिकृत डिव्हाइस’ म्हणून त्याचं नेट बंद. त्याने काहीच केलेलं नसतं. आणि उलट्या राऊटरचं म्हणाल, तर कॉलेजचे चांगले स्विच खोलीतून येणारी अशी खोटी उत्तरं तिथल्या तिथे अडवू शकतात. ती सोय ‘डीएचसीपी स्नूपिंग’ या नावाने आतच असते. चालू करावी लागते, इतकंच. आमच्या इथे ती बंद होती. त्या रात्री २१८ च्या दारात मी जो रुबाब दाखवला, त्याची गरजच पडली नसती.

मला सगळ्यात जास्त खटकते ती तिसरी गोष्ट. ही शोधाशोध वायरपासून सुरू होते आणि गादीपाशी येऊन थांबते. टीटीएलच्या आकड्याला खोलीत माणसं किती, हे कळत नाही. त्याला फक्त मध्ये एक राऊटर आहे, हे कळतं. पण एकदा तपासणी पथक खोलीत शिरलं की ते राऊटर बघत नाही, माणसं मोजतं. ज्याला सीट मिळाली नाही तो नेटवर्कच्या नावाखाली बाहेर काढला जातो. त्याला काढायचं की ठेवायचं, सीट वाढवायच्या की नाहीत, यावर भांडण होऊ दे, जरूर होऊ दे. ते उघडपणे, होस्टेल कमिटीत, आकडे समोर ठेवून व्हावं. तुमच्या पॅकेटवरून तुमच्या खोलीत शिरून नव्हे.

मग करायचं काय? पाहुण्याला त्याच्या स्वतःच्या नावाने आत घ्या. हे अशक्य नाही. एजुरोम नावाची व्यवस्था विद्यापीठं कितीतरी वर्षं वापरतात. तुम्ही दुसऱ्या विद्यापीठात गेलात तरी आपल्याच संस्थेच्या आयडीने तिथलं वायफाय वापरता. तुमची खातरजमा तुमची संस्था करते, यजमान फक्त दार उघडतं. भारतात ती अर्नेटमार्फत चालते. दुसऱ्या देशातून आलेल्या प्राध्यापकाला स्वतःच्या नावाने नेट देता येतं, तर त्याच कॉलेजात शिकणाऱ्या, ॲडमिशन असलेल्या, फी भरलेल्या, फक्त सीट नसलेल्या मुलाला का नाही? त्याचा रोल नंबर आहे. त्याच रोल नंबरवर होस्टेलच्या नेटवर्कचं लॉगिन द्या. तो रात्री कुठे झोपतो, हा वेगळा रकाना आहे. आणि घरून दोन दिवस भाऊ आला, तर रजिस्टरमध्ये नाव लिहून त्याच्या नावाचं दोन दिवसांचं गेस्ट लॉगिन. फोनवर ओटीपी, काम झालं. निम्मे हॉटस्पॉट त्या आठवड्यात आपोआप बंद होतील असं मला वाटतं. उरलेले शंभर रुपयेवाले. त्यांना खुशाल पकडा.

तोवर तुम्ही? पासवर्ड कुणालाही देऊ नका. जिगरी दोस्ताला नाही, सिनियरला तर अजिबात नाही. सिनियर रागावला तर माझं नाव सांगा. अगदीच अडलेल्याला नेट द्यायचंच असेल तर स्वतःच्या सिमकार्डाच्या हॉटस्पॉटवरून द्या, काम झालं की बंद करा. नाव त्यातही तुमचंच जातं, पण निदान कोण वापरतंय ते समोर दिसत असतं आणि बटण तुमच्या हातात असतं. दिलेला पासवर्ड परत घेता येत नाही. ज्यांनी आधीच दिला आहे, त्यांनी हे पान वाचून झालं की बदला. आत्ता.

आणि खोलीत राऊटर आहे, तो असू नये हे माहीत आहे, तरी तो राहणारच आहे, अशा मंडळींसाठी एवढंच. बऱ्याच राऊटरना मागे एक निळं भोक असतं आणि चार पिवळी. भिंतीतून आलेली केबल निळ्यात जाते.